प्रारंभाची घटका

शर्यत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें शाळेच्या क्रीडांगणावरील चुन्याची पांढरी रेषा उभी राहते. मुलें वाकून सज्ज असतात, शिक्षक शिटी वाजवितात आणि सर्वजण एकदम धांव घेतात. शिटीपूर्वीं ज्याचा पाय रेषेपलीकडे पडला त्यास मागें बोलावितात. शिटीनंतर जो क्षणभर रेंगाळला तो तेवढा मागें पडतो. केव्हां निघावें हा प्रश्न धांवणाऱ्यास पडतच नाहीं. तो शिटीनें सोडविलेला असतो. परंतु जगांत अशीही एक शर्यत आहे कीं, तींत पंच केवळ "रेषा खुली झाली" एवढेंच सांगतात, आणि त्यानंतरही स्पर्धक कित्येक वेळां तासभर त्या रेषेच्या अलीकडेच घिरट्या घालीत राहतात. निघण्याचें मिनिट ज्याचें त्यानें निवडावयाचें, आणि त्याचें घड्याळ त्याच मिनिटापासून मोजावयाचें, असा तेथील नियम आहे. ही शर्यत ग्लायडरांची, म्हणजे इंजिनाच्या साहाय्यावांचून आकाशांत तरंगणाऱ्या विमानांची होय. तिच्या आरंभाविषयीं चार शब्द आपल्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावे असें पुष्कळ दिवस माझ्या मनांत होतें. कारण या आरंभाच्या प्रश्नांत केवळ उड्डाणाची नव्हे, तर आपल्या नित्याच्या जीवनाचीही एक कठीण परीक्षा सांठविलेली आहे असें मला वाटतें.

या विषयाची गोडी मला प्रथम घारींनीं लाविली. पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका व पूर्वेस प्रबळगडाचा पहाड आपण सर्वजण रोज पाहतों. थंडीच्या दिवसांत सकाळीं आठच्या सुमारास पाहावें, तर घारी झाडांच्या शेंड्यांवर पंख मिटून बसलेल्या असतात. थोडें ऊन चढलें कीं एखादी उठते, जोरानें पंख मारीत अर्धें वर्तुळ घेते आणि पुन्हां फांदीवर येऊन बसते. परंतु दहा-साडेदहाचा सुमार झाला म्हणजे त्याच घारी पंख मुळींच न हालवितां, एकीवर एक अशा वर्तुळें घेत, पाहतां पाहतां ठिपक्याएवढ्या होतात. सकाळीं ज्या कामास श्रम पुरत नव्हते तें काम आतां विनाश्रम होतें. घार तीच, पंखही तेच. पालट झाला तो केवळ घटकेचा.

याचें कारण शास्त्रज्ञ असें सांगतात. सूर्याचे किरण हवेस फारसे सरळ तापवीत नाहींत. ते जमीन तापवितात, आणि तापलेली जमीन आपल्या अंगालगतची हवा तापविते. उघडा कातळ व कोरडी नांगरट लवकर तापते. भाताचीं ओलीं खाचरें, खाडीचें पाणी व दाट झाडी उशिरां तापते. जेथें हवा भोंवतालच्या हवेपेक्षां अधिक ऊन होते तेथून ती हलकी होऊन वर चढूं लागते. या वर चढणाऱ्या ऊन हवेच्या स्तंभास वैमानिक 'थर्मल' म्हणतात. घार त्यांत शिरून वर्तुळें घेते, आणि ग्लायडरही तसेंच करतो. एका थर्मलमध्यें उंची मिळवावयाची, ती खर्चून पुढील थर्मलपर्यंत घसरत जावयाचें, आणि पुन्हां चढावयाचें, हाच त्याचा सर्व प्रवास. आपल्याकडे दुपारीं समुद्रावरून येणारा गार वारा हे स्तंभ दुबळे करून टाकतो. म्हणून लांब पल्ल्याच्या अशा प्रवासास कोंकणपट्टीपेक्षां घाटावरील कोरडें पठार अधिक मानवतें.

त्या पठारावर पुण्याजवळ हडपसर येथें नागरी विमानवाहतूक खात्याचें ग्लायडिंग केंद्र आहे. माझा एक भाचा कांहीं महिने तेथें शिकावयास जात असे. तेथें विंच नांवाच्या यंत्रानें लांब तार झपाट्यानें गुंडाळून ग्लायडर पतंगासारखा वर चढवितात, आणि पुरेशी उंची येतांच वैमानिक ती तार सोडून देतो. याच खात्यानें १९५८ सालीं 'अश्विनी', १९६१ सालीं 'रोहिणी' आणि १९६३ सालीं 'कार्तिक' असे ग्लायडर आपल्याच देशांत रचून उडविले होते, हें त्यानें मला मोठ्या अभिमानानें सांगितलें. परंतु माझ्या मनांत राहिलें तें त्याचें दुसरेंच एक वाक्य. "मामा, वर जाणें तितकें अवघड नाहीं, केव्हां जावें हें ओळखणें अवघड," असें तो म्हणाला.

या वाक्याचा अर्थ मला पुढें कामशेत येथें प्रत्यक्ष दिसला. खंडाळ्याचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या या गांवाच्या परिसरांत, पावसाळा संपला कीं ऑक्टोबरपासून मेपर्यंत, कापडी पंखानें उडणारे हौशी लोक टेकड्यांवर जमतात. मी गेलों त्या दिवशीं तिघेजण माथ्यावर आपापले पंख पसरून तयार होते. त्यांतील दोन तरुण पंधरा मिनिटांतच कंटाळून निघाले, आणि थोड्याच वेळांत पायथ्याच्या शेतांत उतरून ओझें पाठीवर घेऊन टेकडी चढूं लागले. तिसरा मध्यम वयाचा गृहस्थ जवळ जवळ तासभर बसून राहिला. परंतु तो स्वस्थ बसला होता असें म्हणवत नाहीं. गवताचें पातें कोणत्या दिशेस लवतें, दरींतला धूर सरळ जातो कीं वांकतो, दूरवरची घार चढते कीं उतरते, याकडे त्याची दृष्टि खिळलेली होती. एकाएकीं तो उठला, चार पावलें धांवला आणि त्या दोघांच्या डोक्यांवरून आकाशांत चढून गेला. वाट पाहणें व आळस करणें यांतील भेद मला त्या दिवशीं जितका स्पष्ट दिसला तितका पूर्वीं कधीं दिसला नव्हता.

आतां प्रत्यक्ष शर्यतीकडे वळूं. या क्रीडेचें माहेर जर्मनी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानें त्या देशाच्या इंजिनाच्या विमानांवर कडक निर्बंध घातले, तेव्हां तेथील तरुण इंजिनावांचून उडावयास लागले. १९२० सालीं ऱ्होन पर्वतांतील वासरकुप्पे या टेकडीवर त्यांची पहिली स्पर्धा भरली. त्या काळीं रबरी दोर माणसांकडून ताणवून ग्लायडर गलोलींतील खड्यासारखा टेकडीवरून फेंकीत असत; अधिक वेळ वर कोण राहतो व अधिक दूर कोण जातो एवढेंच तेव्हां पाहिलें जाई. १९३७ सालीं त्याच टेकडीवर पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तींत जर्मनीचा हायनी डिटमार विजयी झाला. पुढें वेगाच्या शर्यतींना महत्त्व आलें, आणि तेव्हांपासून आरंभाचा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहिला.

हल्लींची रीत साधारणपणें अशी आहे. सर्व ग्लायडर इंजिनाच्या विमानांच्या मागें दोरानें बांधून एकामागून एक वर नेऊन सोडतात. या कामास बराच वेळ लागतो. म्हणून शेवटचा ग्लायडर वर गेल्यावर आणखी कांहीं मिनिटें जाऊं देतात व मग रेषा खुली झाल्याचें जाहीर करतात. ही रेषा जमिनीवर आंखलेली नसते. ती नकाशावरची, कित्येक किलोमीटर रुंदीची काल्पनिक रेषा असून, कोण ती केव्हां ओलांडतो याची नोंद उपग्रहांच्या साहाय्यानें चालणारें प्रत्येक ग्लायडरांतील यंत्र करतें. रेषा ओलांडल्यापासून नेमलेलीं वळणें घेऊन परत येईपर्यंत जो वेळ लागेल त्यावरून ज्याचा त्याचा वेग काढतात. जो वाटेंत शेतांत उतरतो त्यास वेगाचे गुण मिळत नाहींत. कापलेल्या अंतरापुरतेच मिळतात.

विद्यार्थ्यांनीं येथें एक लहानसें गणित करून पाहावें. समजा, शर्यत ३०० किलोमीटरांची आहे. सकाळीं ११ पासून दुपारीं १ पर्यंत थर्मल दुबळे असल्यामुळें ताशीं ६० किलोमीटर जातां येतें. १ पासून ५ पर्यंत ते जोरदार असल्यामुळें ताशीं १०० किलोमीटर जातां येतें. आणि ५ नंतर ते मुळींच मिळत नाहींत. जो ११ वाजतां निघाला तो पहिल्या दोन तासांत १२० किलोमीटर जाईल, उरलेल्या १८० किलोमीटरांस त्यास १ तास ४८ मिनिटें लागतील, व एकूण वेळ ३ तास ४८ मिनिटें भरेल. जो १ वाजतां निघाला तो बरोबर ३ तासांत परत येईल. पहिला २ वाजून ४८ मिनिटांनीं उतरला व दुसरा ४ वाजतां उतरला, तरी विजय दुसऱ्याचाच. आतां तिसरा २॥ वाजतां निघाला असें धरा. ५ वाजतां त्याचे २५० किलोमीटर झाले असतील व ५० उरले असतील. चांगला ग्लायडर शांत हवेंत १ किलोमीटर उंचीवरून सुमारें ४० किलोमीटर घसरत जाऊं शकतो. म्हणजे शेवटीं १ किलोमीटर उंची हातीं असली तरीही त्यास १० किलोमीटर कमी पडतील, आणि त्याची रात्र कोणा शेतकऱ्याच्या बांधावर जाईल. पहिल्यास उद्देशून आपल्या वाडवडिलांनीं 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' असें म्हटलें असतें, आणि तिसऱ्यास 'वरातीमागून घोडें'.

हें गणित मीं सोपें करून मांडिलें आहे. खऱ्या आकाशांत थर्मल केव्हां जोर धरतील व केव्हां मावळतील हें कोणी आधीं लिहून देत नाहीं. तो अंदाज ज्याचा त्यानें ढगांवरून, ऊन-सावलीवरून व वाऱ्यावरून करावयाचा असतो. एकदां निघाल्यावर आपण लवकर निघालों असें वाटलें, तर मागें येऊन रेषा नव्यानें ओलांडण्याची मोकळीक पुष्कळ स्पर्धांत असते. तसें केलें म्हणजे मागील वेळ घड्याळावरून पुसला जातो; परंतु दुपारचा जो भाग निघून गेला तो कांहीं परत येत नाहीं.

याहूनही अवघड अशी दुसरी एक गोष्ट आहे. थर्मल डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु त्यांत वर्तुळें घेणारा दुसरा ग्लायडर दुरून दिसतो. म्हणून जो पुढें गेला तो आपल्या कष्टानें मागच्यांस वाट दाखवितो. मागचा त्या खुणा पाहून शोधाचा वेळ वांचवितो. तो दहा मिनिटें उशिरां निघून पुढच्यास वाटेंत गांठूं शकला, आणि दोघे बरोबर परत आले, तर मागचा दहा मिनिटांनीं जिंकला! याचा परिणाम असा होतो कीं, चांगले चांगले वैमानिक रेषेच्या अलीकडे एकाच थर्मलमध्यें एकमेकांवर नजर ठेवून फिरत राहतात, आणि प्रथम कोणीच निघत नाहीं. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणी बांधावी, असा तो प्रसंग! दुसऱ्याच्या श्रमावर शर्यत जिंकूं पाहणें म्हणजे आयत्या बिळावर नागोबा होणें. आणि सर्वांनींच नागोबा होण्याचें ठरविलें म्हणजे बीळ खणणाराच उरत नाहीं. उत्तम दिवस डोळ्यांदेखत सरतो व संध्याकाळीं सर्वच्या सर्व शेतांत उतरतात. शिवाय एका अरुंद स्तंभांत पुष्कळ ग्लायडर फार वेळ फिरत राहिले म्हणजे टकरीचें भय असतें. तेव्हां हा केवळ गुणांचा प्रश्न राहत नाहीं. तो प्राणांचा होतो.

म्हणून नियम करणारे वेळोवेळीं नवे उपाय योजीत आले, आणि त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. उपग्रहांचें साहाय्य मिळण्यापूर्वीं पंच जमिनीवरून वर पाहून रेषा ओलांडल्याची नोंद करीत. रेषेवर १,००० मीटरांहून उंच असूं नये असा नियम असे. हुशार वैमानिकांनीं त्यांतून वाट काढली. ते आधीं त्याहून बरेच उंच चढत, तेथून सूर मारून भयंकर वेगानें १,००० मीटरांच्या आंत रेषा ओलांडीत, आणि पलीकडे गेल्यावर त्या वेगाची पुन्हां उंची करून घेत. नियमाचें अक्षर पाळलें जाई, परंतु अनेक ग्लायडर एकाच ठिकाणीं अशा वेगानें सूर मारूं लागल्यामुळें धोका वाढे. १९९० नंतरच्या दशकांत ग्लायडरांतच नोंद करणारीं यंत्रें आलीं, रेषा रुंद करतां आली व ही गर्दी पांगली. अमेरिकेंतील नियमांत तर, निघण्यापूर्वीं सलग दोन मिनिटें ठरलेल्या उंचीच्या खालीं राहिलें पाहिजे अशी अट घातली गेली. त्यामुळें सूर मारण्यांत कांहीं लाभच उरला नाहीं.

पुढें २००४ सालीं स्वित्झर्लंडांत 'फ्लार्म' नांवाचें एक लहान यंत्र निघालें. जवळ आलेल्या दुसऱ्या ग्लायडराची सूचना देऊन टक्कर टाळावी हा त्याचा हेतु, आणि त्यानें मोठें उपकार केले. परंतु कित्येकांनीं त्याच यंत्राचा उपयोग प्रतिस्पर्धी कोठें आहे व किती वेगानें चढतो आहे हें पाहण्याकडे केला. जें रक्षणाकरितां निर्मिलें तें पाळत ठेवण्याच्या कामीं आलें! अलीकडे आणखी एक युक्ति निघाली आहे. वैमानिकानें आपल्या यंत्रावरील बटण दाबावयाचें. त्यानंतर ठराविक मिनिटें थांबलें म्हणजे त्याच्यापुरती आरंभाची खिडकी थोडा वेळ उघडते, व मग मिटते. अशी संधि त्यास मोजक्याच वेळां मिळते. ज्यानें त्यानें आपला विचार आधीं करावा व शेजाऱ्याच्या शेपटीस धरून निघूं नये, हा यांतील हेतु उघड आहे.

कांहींजण म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? सर्वांस एकदमच सोडा म्हणजे झालें." तसेंही करून पाहिलें आहे. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीप्रमाणें सर्व ग्लायडरांनीं एकाच क्षणीं रेषा ओलांडावी अशी 'ग्रां प्री' नांवाची जागतिक स्पर्धा २००५ सालीं फ्रान्समध्यें सेंतोबां येथें झाली. पोलंडचा सेबास्टियन कावा हा तींत पहिला आला. तरुणपणीं तो खरोखरच शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत उतरत असे, ही मौजेची गोष्ट. या पद्धतींत प्रथम येईल तो जिंकला, हें प्रेक्षकांस लगेच कळतें व रेंगाळण्यास जागा राहत नाहीं. परंतु केव्हां निघावें हा विवेकही त्यामुळें वैमानिकाच्या हातून काढून घेतला जातो. शिवाय पहिला थर्मल शोधण्यास आपण पुढें व्हावें कीं दुसऱ्यास होऊं द्यावें, हा जुना प्रश्न रेषेच्या पलीकडे जाऊन पुन्हां उभा राहतोच. मला तर या सर्व इतिहासांत एकच गोष्ट दिसते. नियम रेषा आंखूं शकतो, उंची ठरवूं शकतो, खिडकी उघडूं व मिटूं शकतो. परंतु योग्य घटका ओळखण्याची बुद्धि आणि ती ओळखल्यावर एकट्यानें निघण्याचें धैर्य नियमाच्या पोटीं जन्मास येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेच्या आरंभाची घंटा शाळा देते. परंतु अभ्यासाच्या आरंभाची घंटा कोणीच देत नाहीं. "तो अजून बसला नाहीं, मग मीच कां बसूं?" असें चौघे मित्र एकमेकांकडे पाहून म्हणूं लागले, म्हणजे तें त्या रेषेअलीकडील घिरट्यांसारखेंच होय. दुसऱ्याच्या वह्या उतरून घेऊन शेवटच्या आठवड्यांत त्यास गांठूं अशी आशा धरणारा कधीं कधीं जिंकतोही. मात्र वाट शोधण्याची कला त्याच्या अंगीं येत नाहीं, आणि ज्या दिवशीं पुढें कोणीच नसतो त्या दिवशीं त्याची फजिती होते. मिळून उडण्यांत कांहीं वाईट नाहीं. चांगले वैमानिक एकमेकांच्या खुणा पाहतात. पण कधीं स्वतःही पुढें होऊन इतरांस खूण देतात. घेणें व देणें असें दोन्ही जेथें आहे तेथें सोबत, आणि नुसतें घेणें आहे तेथें बांडगूळ, एवढा भेद ध्यानांत ठेवावा.

पालकांस माझी नम्र विनंति आहे. आपल्या गांवचें आतां मोठें शहर झालें आहे, आणि मुलांस लवकरांत लवकर शर्यतीस उभें करण्याची घाई घरोघर दिसते. पांचव्या वर्षीं एक शिकवणी, दहाव्या वर्षीं तीन. शेजारचा मुलगा निघाला म्हणून आपलाही निघालाच पाहिजे! परंतु प्रत्येक मुलाचें ऊन एकाच वेळीं चढत नाहीं. कातळ लवकर तापतो, ओलें शेत उशिरां तापतें. म्हणून शेत कातळाहून हीन ठरत नाहीं. त्याबरोबरच हेंही खरें कीं, "होईल हळूहळू" म्हणत दुपार घालविणें म्हणजे वाट पाहणें नव्हे. रेषेअलीकडे थांबलेला जाणता वैमानिक आपली उंची कधीं गमावीत नाहीं. तो स्तंभाच्या माथ्याजवळ, रेषेच्या अगदीं निकट, निघण्यास सदैव सिद्ध असतो. मुलाचें वाचन, आरोग्य, जिज्ञासा व सचोटी ही त्याची उंची होय. ती राखून थांबावें, आणि घटका आली कीं त्यास अडवूं नये.

शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं दहा कुमारींचा दृष्टांत आपण पुष्कळदां ऐकिला आहे. वर येण्यास विलंब लागला, तेव्हां डोळा तर दाहीजणींचा लागला. परंतु पांचजणींजवळ तेल होतें व पांचजणींजवळ नव्हतें. दोघींच्या वाट पाहण्यांत बाहेरून कांहींच अंतर दिसत नव्हतें. हांक आली तेव्हांच तें दिसलें. ग्लायडरच्या शर्यतीचे नियम मीं प्रथम समजून घेतले तेव्हां मला या दृष्टांताची फार आठवण झाली.

असो. विस्तारभयास्तव येथेंच थांबणें बरें. उन्हाळ्याच्या सुट्टींत विद्यार्थ्यांनीं एखादी सकाळ घारींकरितां राखून ठेवावी. वही व घड्याळ घेऊन घराच्या गच्चीवर किंवा मैदानांत बसावें, आणि पहिली घार पंख न हालवितां वर केव्हां चढली तें मिनिट रोज टिपून ठेवावें. आठ दिवसांत ऊन, वारा व ढग यांचा त्या मिनिटाशीं कांहीं मेळ बसतो काय, तें शोधून पाहावें. ज्यास असा मेळ सांपडेल त्यानें आपली वही मला अवश्य दाखवावी.

— एक शिक्षक